सुरांचा पंचनामा, मौजे पोखर्णी

गाणे ही वस्तू मनुष्याने मुळात आनंदासाठी निर्माण केली असावी, असे समजण्यास पुष्कळ जागा आहे. परंतु दोन माणसे गाऊ लागली की तिसऱ्याने त्यांचे क्रमांक लावावेत, चौथ्याने त्या क्रमांकांवर हरकत घ्यावी आणि पाचव्याने ती हरकत मागे घ्यावी म्हणून चौथ्याला चहा पाजावा, ही जी परंपरा सर्व खंडांत रूढ झालेली दिसते, तिचे मूळ आनंदात शोधणे व्यर्थ होय. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचे स्थानक आहे. त्या स्थानकाच्या पंचक्रोशीत ज्याने आयुष्यात एकदा तरी भजनस्पर्धा पाहिली आहे, त्याला या विषयाचे शिक्षण निराळे द्यावे लागत नाही. परीक्षक परगावचे असावेत, कारण निकालानंतर त्यांना त्याच गावात राहावयाचे नसते. यजमान गावच्या मंडळाने प्रथम गावे, कारण तेव्हा श्रोते जागे असतात. आणि ज्यांचा क्रमांक येत नाही त्यांच्या मते ध्वनिक्षेपक मुद्दाम बिघडवलेला असतो, हे सिद्धान्त तेथे लहान मुलांनाही मुखोद्गत आहेत. म्हणूनच २० सप्टेंबर २०२५ रोजी मॉस्को येथे भरलेल्या ‘इंटरव्हिजन’ नामक आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत आपला भारत देश सहभागी झाला, ही वार्ता मी पारावर सांगितली तेव्हा कोणी थक्क झाले नाही. उलट प्रत्येकाने आपापल्या अनुभवाच्या बळावर तिची उलटतपासणी आरंभिली.

प्रथम त्या स्पर्धेची हकीकत सांगणे प्राप्त आहे. युरोप खंडात ‘युरोव्हिजन’ नावाची एक जुनी आणि अतिशय गाजलेली स्पर्धा दरवर्षी भरते. २०२२ साली युक्रेनवर चाल करून गेल्यानंतर रशियाला त्या स्पर्धेतून वगळण्यात आले. पंगतीतून उठवलेल्या गृहस्थाने स्वतःच्या अंगणात निराळी पंगत मांडावी, तद्वत् रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रीतसर फर्मान काढून समाजवादी काळातली ‘इंटरव्हिजन’ ही जुनी स्पर्धा पुन्हा उभी केली. आमच्या या मुलखाने निजामाची अमदानी पाहिली आहे. जमाबंदी, करोडगिरी, देवस्थानचे इनाम अशा नाना विषयांवर हैदराबादेहून हुकूम सुटत आणि अव्वल तालुकदाराच्या कचेरीत ते रुजू होत. परंतु अमुक तारखेस सर्वांनी गावे आणि त्यांत पहिला कोण ते ठरवावे, असे फर्मान आसफजाही दफ्तरांतून निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. या बाबतीत मॉस्कोने हैदराबादेवर ताण केली, हे मान्य करावयास हवे.

या स्पर्धेत भारताच्या वतीने रौहान मलिक या गायकाने ‘इश्क’ नावाचे गीत सादर केले. येथपर्यंत मी पोहोचलो तोच भजनी मंडळाचे विणेकरी आबा, ज्यांनी आजवर कोणत्याही बैठकीत पहिला प्रश्न दुसऱ्याला विचारू दिलेला नाही, ते म्हणाले, “कामून हो गुरुजी, तेला पाठिवलं कोनी? ठराव कवा झाला?”

प्रश्न वरवर पाहता ग्रामीण वाटेल. तथापि राज्यशास्त्राच्या दृष्टीने तो फार खोल आहे. गावाच्या वतीने दिंडीचा विणा कोणी धरावयाचा, हे ठरविण्यास आमच्याकडे दोन बैठका, एक रुसवा आणि एक मनधरणी लागते. आणि येथे एकशे चाळीस कोटींच्या वतीने एक मनुष्य गाऊन आला, तरी त्यांपैकी बहुतेकांना तो गेल्याचे कळले नाही आणि परतल्याचेही कळले नाही. यात त्या गायकाचा काडीमात्र दोष नाही. ज्याला बोलावणे आले तो गेला आणि गायला. परंतु स्वीडनसारखा लहानसा देश आपला युरोव्हिजनचा गायक निवडण्यासाठी कित्येक आठवडे चालणाऱ्या फेऱ्या घेतो, आणि इटलीत सान रेमोच्या महोत्सवाच्या दिवसांत अर्धा देश घराबाहेर पडत नाही, हे ऐकिल्यावर आबांनी जो सुस्कारा टाकला तो मला लोकशाहीवरील एखाद्या ग्रंथापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटला. ‘देश सहभागी झाला’ या वाक्यात देश हा कर्ता असतो खरा. पण तो बहुधा व्याकरणापुरताच असतो.

मॉस्कोतील पुढील प्रकार मात्र आमच्या मंडळींना अगदी घरचा वाटला. यजमान रशियाचा गायक, ज्याने ‘शामान’ असे नाव धारण केले आहे, तो आपले गीत संपवून परीक्षकांस म्हणाला की मला गुण देऊ नयेत. हे ऐकताच पारावर एकच हशा उसळला. यजमान मंडळाचे भजन ‘स्पर्धेबाहेर’ ठेवण्याची युक्ती या प्रांतात परंपरेने चालत आली आहे; तिचा लाभ असा की औदार्याची कीर्ती मिळते, पहिला क्रमांक आल्यास होणारी कुजबुज टळते, आणि न आल्यास होणारी फजिती तर मुळीच होत नाही. अमेरिकेच्या नावावर जी गायिका गाणार होती ती मूळची ऑस्ट्रेलियाची. तीही ऐन वेळी रंगमंचावर आली नाही. अखेर विजयी झाला तो व्हिएतनामचा दुक फुक हा गायक. त्याचे गीत त्या देशातील एका पुराणकथेवर आधारलेले होते. तीन वर्षांचे होईपर्यंत एक शब्दही न बोललेले बालक, राज्यावर परचक्र येताच एकाएकी अजस्र रूप धारण करते, लोखंडी घोड्यावर आरूढ होते आणि शत्रूला पिटाळून लावते, अशी ती कथा. प्रल्हादाच्या हाकेसरशी खांब दुभंगून प्रकटणाऱ्या नृसिंहदेवाच्या गावाला या कथेत अशक्य असे काही आढळले नाही. इश्कावर देवाने मात केली, एवढाच निष्कर्ष काढून आबांनी तो विषय आपल्यापुरता मिटविला.

जुन्या इंटरव्हिजनविषयी, म्हणजे १९७७ ते १९८० या काळात पोलंडमधील सोपोत येथे ती भरत असे त्या वेळची, एक आख्यायिका सांगतात. घरोघरी दूरध्वनी नसल्यामुळे गीत आवडल्यास प्रेक्षकांनी घरातील दिवे लावावेत, न आवडल्यास मालवावेत, आणि विजेच्या खपावरून अधिकाऱ्यांनी मतांची रुजुवात करावी, असा म्हणे प्रघात होता. ती खरी असो वा खोटी. मला एवढेच ठाऊक आहे की ही पद्धत आमच्या भागास लागू केली असती, तर भारनियमनाच्या कृपेने जगातील प्रत्येक गीत एकमताने नापसंत ठरले असते, आणि त्यात पक्षपाताचा आरोप करण्यास कोणासही जागा राहिली नसती.

आता मूळ पीठाकडे वळू. युरोव्हिजनची पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो या गावी झाली. त्या दिवशी आमचा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात तो १ नोव्हेंबरला दाखल झाला. सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली. लक्झेंबर्गचे परीक्षक काही कारणाने येऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांचे मत यजमान स्वित्झर्लंडच्या परीक्षकांनी त्यांच्या वतीने द्यावे असे ठरले. स्वतःच्या देशास मत देण्यास मज्जाव नव्हता. मतदान गुप्त होते. विजयी ठरली ती स्वित्झर्लंडचीच लिस आसिया. आणि बाकीच्या देशांना किती गुण मिळाले, हे आजतागायत प्रसिद्ध झालेले नाही. गैरहजर इसमाचे मुखत्यारपत्र, यजमानाच्या हाती ते वापरण्याचा अधिकार, आणि कागदपत्रे कायमची दफ्तरदाखल, ही व्यवस्था पाहून हैदराबादच्या कचेरीत केस पिकलेल्या एखाद्या पेशकाराने कौतुकाने मान डोलावली असती. युरोपीय लोकांना कारभार शिकविण्यासारखे आपल्यापाशी काही नाही, ही खंत मला तेव्हापासून आहे.

याच लक्झेंबर्गने पुढे पाच वेळा ही स्पर्धा जिंकली. गंमत ही की त्या पाचांपैकी एकही गायक लक्झेंबर्गचा नव्हता. चौघे फ्रान्सचे आणि एक ग्रीक वंशाची गायिका. आमच्याकडे भजनस्पर्धेच्या आदल्या दिवशी एखाद्या मंडळात अचानक परजिल्ह्यातील पखवाजवादक अवतीर्ण होतो, आणि हा कोण म्हणून विचारताच ‘आमच्या मावशीचा दीर’ असे उत्तर मिळते. त्या दीराचे पखवाजावर जसे बोट पडते, तसे मावशीच्या कुळात पूर्वी कोणाचेच पडलेले नसते. लक्झेंबर्गने मावशीचीही सबब सांगितली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय.

परंतु या संस्थेचा खरा प्राण मतदानात आहे. १९७५ पासून प्रत्येक देश आपल्या आवडीच्या दहा गीतांना बारा, दहा, आठ आणि तेथून उतरत एकपर्यंत गुण देतो. स्वतःला मात्र देता येत नाही. एवढा एक निर्बंध घातल्याबरोबर संगीताचा प्रश्न संपतो आणि शेजाराचा सुरू होतो. सायप्रस गाऊ लागला की ग्रीसचा कंठ दाटून येतो, ग्रीसने तोंड उघडण्यापूर्वीच सायप्रसचे बारा गुण तयार असतात, आणि उत्तरेकडील शीत देश परस्परांच्या चुलींवर हात शेकीत बसतात. याला युरोपातील पंडित पक्षपात म्हणतात व त्यावर प्रबंध लिहितात. वस्तुतः हा शेजारधर्म आहे. ज्या गावाने आपल्या सप्ताहात जेवू घातले, त्या गावाच्या भजनाला सहावा क्रमांक देणारा परीक्षक कदाचित निष्पक्षपाती असेल, पण माणूस म्हणून त्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. उलट ज्याला शेजारच नाही त्याची अवस्था मोरोक्कोसारखी होते. तो देश १९८० साली एकदाच या स्पर्धेत उतरला, त्याला सात गुण मिळाले, तेही सर्वच्या सर्व एकट्या इटलीकडून, आणि तो जो परत गेला तो पुन्हा फिरकला नाही. ‘भारत युरोव्हिजनमध्ये असता तर’ असा विषय निघाला की उत्साही मंडळी गायकांची नावे सुचवू लागतात. मला मात्र प्रथम आपल्या शेजाऱ्यांची यादी आठवते, आणि बारा गुणांची ही बाब मुकाट्याने परराष्ट्र खात्याकडे वर्ग करावी असे वाटते.

१९६९ साली माद्रिद येथे स्पेन, ब्रिटन, फ्रान्स आणि नेदरलँड्स या चौघांचे गुण नेमके समान झाले, आणि समसमान झाल्यास काय करावे याचा नियमच कोणी केलेला नसल्यामुळे चौघांनाही विजयी घोषित करावे लागले. पुढच्या वर्षी चार देश रुसून आले नाहीत. ही वार्ता ऐकून भजनी मंडळाच्या चिटणिसांना परमावधीचे समाधान झाले. कारण ‘प्रथम क्रमांक विभागून’ हे शब्द त्यांच्या मते मराठी भाषेतील सर्वांत सुज्ञ शब्द असून, त्यांच्यामुळे पंचक्रोशीत जेवढी शांतता नांदली तेवढी कोणत्याही चौकीमुळे नांदलेली नाही.

नियमांविषयी मात्र आमच्या मंडळींचा तीव्र मतभेद आहे. गीत तीन मिनिटांहून अधिक चालता कामा नये, रंगमंचावर सहांहून अधिक माणसे असता कामा नयेत, आणि १९९९ पासून प्रत्यक्ष वाद्यवृंदही नाही, वाद्ये आधी मुद्रित करून आणावयाची. तीन मिनिटांत आमच्या पखवाजवादकाची कणीक भिजवून होत नाही. ती पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लागणे, मग सूर जमणे, मग विणेकऱ्याने डोळे मिटणे, या गोष्टी तर पुढेच राहिल्या. भाषेचे बंधनही त्याच वर्षापासून उठले. तेव्हा बेल्जियमने २००३ साली कोणत्याच मनुष्याची नसलेली, केवळ त्या गीतापुरती बनविलेली भाषा वापरली आणि दुसरा क्रमांक पटकावला. पहिला अवघ्या दोन गुणांनी हुकला. फिनलंडने १९६१ पासून सरळ चेहऱ्याने गाऊन पाहिले, कोणी दाद दिली नाही. २००६ साली मात्र शिंगे, नख्या आणि अक्राळविक्राळ मुखवटे चढवून ‘लॉर्डी’ नावाचे पथक उतरले आणि प्रथमच विजय मिळाला. युरोपात त्यामुळे मोठी खळबळ माजली. अर्धा नर आणि अर्धा सिंह अशा दैवताला ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या नैवेद्य दाखविला, त्याला यात खळबळ करण्यासारखे काय आहे हे समजले नाही. ललितात आणि भारुडात सोंगे आणण्याची आमची परंपरा फिनलंडपेक्षा फार जुनी आहे. फक्त आमची सोंगे गुणपत्रिका न मागता परत जातात.

शून्याचाही येथे एक इतिहास आहे. नॉर्वेला १९६३, १९७८, १९८१ आणि १९९७ अशी चार वेळा एकाही देशाने एकही गुण दिला नाही. १९७८ सालचा गायक यान टेइगेन हा शून्य घेऊन मायदेशी परतला, तर लोकांनी त्याचे गीत डोक्यावर घेऊन नाचावे! मला हे फार भावले. जगाने नाकारलेले गीत घरच्यांनी उचलून धरावे, यात जो बाणेदारपणा आहे तो बारा गुणांत नाही.

आपल्याकडील उदाहरणे अगदीच नाहीत असे नव्हे. गोव्याचे रेमो फर्नांडिस हे १९८० च्या दशकात पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवात भारताच्या वतीने गेले आणि तीन बक्षिसे घेऊन आले. ज्या देशाने ती बक्षिसे दिली तो देशच १९९० साली नकाशावरून उठला. फर्नांडिस यांचे गाणे मात्र गोव्यात बिनधोक चालू राहिले, यावरून बक्षीस देणाऱ्यापेक्षा घेणारा टिकाऊ असतो असे दिसते. आणि त्याहून मोठे उदाहरण तर आमच्याच पूर्वीच्या जिल्ह्यातले आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होते. त्या नामदेवांची पदे पंजाबात गेली आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांपैकी एकसष्ट पदे आजही आदराने गाइली जातात. त्यासाठी फर्मान निघाले नव्हते, ठराव झाला नव्हता आणि परीक्षकही नेमलेले नव्हते. हे मी सांगितले तेव्हा आबा प्रथमच काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “तवा क्रमांक लावले असते तर कोनीतरी हरकत घेतलीच असती बगा.”

उरला प्रश्न यजमानपदाचा. जिंकणाऱ्या देशाने पुढील वर्षी स्पर्धा भरवावी, असा युरोव्हिजनचा शिरस्ता आहे. आणि आयर्लंडने १९९२, १९९३ व १९९४ अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकून स्वतःच्या खजिन्याची जी ससेहोलपट करून घेतली, ती त्या देशात पुढे कित्येक वर्षे थट्टेचा विषय झाली. परंतु मला त्यांतील १५ मे १९९३ हा दिवस महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी ही स्पर्धा राजधानी डब्लिनमध्ये न होता मिलस्ट्रीट नावाच्या, सुमारे दीड हजार वस्तीच्या गावी झाली. घोडेस्वारीच्या स्पर्धांसाठी बांधलेले तेथील भव्य सभागृह त्याच्या मालकाने होऊन देऊ केले, आणि सबंध युरोपचे गायक, वादक, वार्ताहर त्या खेड्यात लोटले. हे वाचल्यापासून माझे चित्त स्थिर नाही. मिलस्ट्रीटला रेल्वेस्थानक आहे, पोखर्णीलाही आहे. मिलस्ट्रीटला घोडे होते. आम्हाला परगावच्या माणसांचे लोंढे सांभाळण्याची नृसिंहाच्या यात्रेने लावलेली सवय आहे. पाहुण्यांची निवासव्यवस्था कशी करणार, असे विचारणाऱ्यांस माझे उत्तर असे की, ज्या प्रांतात वारकऱ्यांची दिंडी रात्री नऊला येऊन पहाटे चारला जेवूनखाऊन मार्गस्थ होते, त्या प्रांतास माल्टाच्या दहा-पंधरा मंडळींची धास्ती वाटण्याचे कारण नाही.

तिथीचाही योग आहे. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीस येते, आणि युरोव्हिजनची अंतिम फेरी बहुधा मे महिन्यात, म्हणजे त्याच सुमारास, असते. २०२२ साली तर दोन्ही एकाच दिवशी, १४ मे रोजी, आल्या. इकडे सूर्यास्तसमयी नृसिंहजन्म झाला, आणि भारतीय वेळेप्रमाणे मध्यरात्री साडेबाराला इटलीतील तुरीन येथे स्पर्धेस आरंभ झाला. जागरणाची सवय असलेल्या गावाला ही वेळ अडचणीची वाटावी असे मला मुळीच वाटत नाही. त्या रात्री युक्रेन जिंकला. प्रेक्षकांकडून त्याला ४३९ गुण पडले, जे तोवर कोणासही पडले नव्हते. आणि संकटात सापडलेल्या शेजाऱ्याला हात देताना सुरांचा हिशेब कोणी करीत नाही, हे सबंध खंडाने दाखवून दिले. त्याला पक्षपात म्हणावे असे मला तरी वाटले नाही.

पुढील इंटरव्हिजन सौदी अरेबियात भरेल, असे मॉस्कोतच जाहीर झाले आहे. तेव्हा भारताच्या वतीने कोणास पाठवावयाचे हे ज्यांच्या अखत्यारीत असेल त्यांना माझी नम्र विनंती आहे की, या खेपेस दूरदर्शनवर उघड निवड-फेरी घ्यावी, तिचा जाहीरनामा मराठवाड्यातील तालुक्यांपर्यंत पोहोचेल अशी तजवीज करावी, आणि युरोव्हिजनसारख्या सहा माणसांच्या मर्यादेतही एक विणा, एक पेटी, दोन टाळकरी, एक पखवाज व एक सोंग बसते याचा गांभीर्याने विचार व्हावा. मात्र कणीक लावण्यास जो वेळ लागेल, तो त्या तीन मिनिटांतून वजा करू नये.